अपडेटनंतर संगणक अडला, तर फॉरमॅटची घाई नको

१९ जुलै २०२४ चा शुक्रवार. भारतातील कचेऱ्यांत कामाला नुकती सुरुवात होत होती आणि असंख्य संगणकांचे पडदे एकाएकी निळे झाले. यंत्र बंद करून पुन्हा चालू करावे, तर काही क्षणांत पुन्हा तोच निळा पडदा. अनेक विमानतळांवर प्रवाशांच्या रांगा लागल्या. इंडिगोच्या कर्मचाऱ्यांना तर काही ठिकाणी बोर्डिंग पास हाताने लिहून द्यावे लागले. जगभरात विंडोजवर चालणारे सुमारे ८५ लाख संगणक या तडाख्यात सापडल्याचा अंदाज मायक्रोसॉफ्टने पुढे जाहीर केला. हा विषाणूचा हल्ला नव्हता आणि हॅकरांचे कारस्थानही नव्हते. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने आपल्या ‘फाल्कन’ या संरक्षक सॉफ्टवेअरसाठी पाठविलेल्या एका छोट्या अपडेटमधील चूक त्यास कारणीभूत ठरली होती.

या घटनेची चर्चा बहुतेक ठिकाणी विमाने आणि बँका यांच्याच अंगाने झाली. घरी संगणक वापरणाऱ्याने त्यातून घ्यावयाचा धडा मात्र मागे राहिला. हे लाखो संगणक सुरू होत नव्हते हे खरे. पण त्यांतील माहिती पुसली गेलेली नव्हती. उपायही विलक्षण साधा होता. संगणक ‘सेफ मोड’मध्ये सुरू करायचा, ठरावीक फोल्डरमधील एक सदोष फाइल काढून टाकायची आणि संगणक पुन्हा चालू करायचा. त्यासाठी संपूर्ण डिस्क पुसण्याची गरज नव्हती.

घरातील किंवा छोट्या कार्यालयातील संगणक अपडेटनंतर असाच अडून बसतो तेव्हा मात्र पहिला सल्ला बहुधा एकच मिळतो : ‘फॉरमॅट मारावा लागेल.’ या तीन शब्दांत मुलांच्या बारशापासूनची छायाचित्रे, गृहनिर्माण संस्थेचा हिशेब, दुकानाच्या जीएसटीच्या नोंदी किंवा तीन वर्षे खपून लिहिलेला प्रबंध कायमचा जाऊ शकतो. इमारतीचे मुख्य दार अडकले म्हणून आतील घरांतले सामान नाहीसे होत नाही. दार उघडण्यासाठी कोणी सारी इमारत पाडायला निघत नाही. संगणकाच्या बाबतीत मात्र हे भान अनेकदा सुटते.

बटण दाबल्यावर काय घडते?

संगणक ‘बूट’ होणे ही एका दमात घडणारी क्रिया नाही. ती टप्प्याटप्प्याने होते आणि गाडी कोणत्या टप्प्यावर अडली हे कळले, की निम्मे निदान तेथेच होते.

बटण दाबताच सर्वप्रथम जागे होते ते मदरबोर्डवरील चिपमध्ये साठविलेले मूलभूत सॉफ्टवेअर. जुन्या यंत्रांत त्यास बायोस म्हणत, आता त्याची जागा यूईएफआयने घेतली आहे. मेमरी, की-बोर्ड, डिस्क जागेवर आहेत ना, याची ते हजेरी घेते. यंत्र बनविणाऱ्या कंपनीचे बोधचिन्ह पडद्यावर दिसते ते याच वेळी. दुसऱ्या टप्प्यात डिस्कवरील ‘बूट लोडर’ हा छोटा प्रोग्रॅम कार्यप्रणालीला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमला, हाक मारतो. तिसऱ्या टप्प्यात कार्यप्रणालीचा गाभा आणि त्याबरोबर ‘ड्रायव्हर’ मेमरीत चढतात. ड्रायव्हर म्हणजे यंत्राचे निरनिराळे भाग किंवा संरक्षक सॉफ्टवेअर यांचा गाभ्याशी संवाद घडवून आणणारे प्रोग्रॅम. त्यानंतर पासवर्डचा पडदा येतो आणि शेवटी नेहमीचा डेस्कटॉप.

बोधचिन्हही दिसत नसेल, तर दोष बहुधा वीजपुरवठा, मॉनिटरची वायर किंवा यंत्राचे भाग यांत असतो. ‘बूट करण्याजोगे साधन सापडले नाही’ अशा अर्थाचा इंग्रजी संदेश आला, तर डिस्क किंवा बूट लोडर यांकडे पाहावे लागते. बोधचिन्हानंतर ठिपके फिरत राहिले अथवा निळा पडदा आला, तर संशय ड्रायव्हर किंवा अर्धवट बसलेल्या अपडेटवर जातो. वर्षानुवर्षे निळा असलेला हा पडदा २०२५ मध्ये विंडोज ११ मध्ये काळा करण्यात आला, त्यामुळे आता रंगावरून घाबरण्याचे वा न घाबरण्याचे कारण नाही. त्यावरचा मजकूर आणि त्रुटीचा क्रमांक मोबाइलवर टिपून ठेवणे महत्त्वाचे.

क्राउडस्ट्राइकची फाइल नेमकी तिसऱ्या टप्प्यावर आडवी आली. कंपनीच्या चौकशी अहवालानुसार नव्या नमुन्यात २१ रकाने अपेक्षित होते आणि संगणकावरील प्रोग्रॅम २० रकान्यांचीच माहिती पुरवीत होता. एकविसावा रकाना वाचण्यासाठी प्रोग्रॅमने मेमरीत आपल्या हद्दीबाहेर हात घातला आणि गाभ्यानेच कामकाज थांबविले. हा ड्रायव्हर प्रत्येक वेळी सुरुवातीलाच चढत असल्याने संगणक पुन्हा चालू करूनही चक्र तुटत नव्हते. भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी पाठविलेले हे अपडेट कंपनीने १० वाजून ५७ मिनिटांनी मागे घेतले. पण तोवर ज्या यंत्रांत ते शिरले होते, त्यांच्यासाठी या माघारीचा फारसा उपयोग नव्हता. जो संगणक सुरूच होत नाही, तो दुरुस्तीची फाइल उतरवून घेणार कसा? कर्मचाऱ्यांना एकेका यंत्रापुढे बसूनच ती सोडवावी लागली. कंपनीची सुमारे ९९ टक्के यंत्रे पुन्हा जोडली जाण्यास २९ जुलै उजाडला.

आधी थांबावे, मग पाहावे

अपडेटनंतर पडदा बराच वेळ हलत नसेल, तर पहिला उपाय म्हणजे थांबणे. मोठ्या अपडेटच्या वेळी संगणक आपणहून दोन-तीन वेळा बंद-चालू होतो आणि टक्केवारीचा आकडा एकाच जागी दीर्घकाळ खिळलेला दिसू शकतो. जुन्या, फिरत्या हार्ड डिस्कच्या यंत्रात तर हे काम काही तास चालते. डिस्कचा दिवा लुकलुकत असेल, तर आत काम चालू आहे असे समजावे. अशा वेळी अधीर होऊन वीज तोडली, तर अर्ध्या जुन्या आणि अर्ध्या नव्या फाइलींची खिचडी होते आणि नसलेला बिघाड ओढवून घेतला जातो. लॅपटॉप असेल तर चार्जर लावून ठेवावा. डेस्कटॉपला यूपीएस नसेल आणि वीज जाण्याची शक्यता असेल, तर मोठे अपडेट त्या दिवशी सुरूच न करणे शहाणपणाचे.

तीन-चार तासांनंतरही दिवा स्थिर आणि पडदा जैसे थे असेल, तर पॉवरचे बटण दहा सेकंद दाबून यंत्र पूर्ण बंद करावे. पेनड्राइव्ह, प्रिंटर, बाहेरची हार्ड डिस्क, मेमरी कार्ड असे जोडलेले सारे काढून ठेवावे. मागे विसरलेल्या पेनड्राइव्हवरूनच सुरू होण्याचा प्रयत्न संगणक करीत असल्याचे अनेकदा आढळते. माउस, की-बोर्ड आणि मॉनिटर एवढ्यानिशी तो पुन्हा चालू करून पाहावा. इतक्यानेच काम भागणे अशक्य नाही.

डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल किंवा यूईएफआयच्या यादीत ती दिसतच नसेल, तर प्रश्न अपडेटचा राहत नाही. डिस्कच जायबंदी झाल्याची ती खूण असू शकते. तेव्हा पुढील कोणतेही प्रयोग न करता यंत्र बंद करावे आणि माहिती वाचविण्याचे काम करणाऱ्या जाणकाराकडे ते सोपवावे. प्रत्येक नवा प्रयत्न अशा डिस्कला अधिक इजा करतो.

दुरुस्तीची खोली

विंडोज ७ पर्यंत संगणक सुरू होताना ‘एफ८’ ही कळ दाबली, की दुरुस्तीचे पर्याय दिसत. २०१२ मधील विंडोज ८ पासून ही वाट नेहमीसाठी खुली राहिली नाही. तिच्या जागी ‘रिकव्हरी एन्व्हायर्नमेंट’ नावाची एक छोटी स्वतंत्र व्यवस्था आली. डिस्कच्या वेगळ्या कोपऱ्यात राहणारी ही जणू दुरुस्तीची खोली. मूळ विंडोज सुरू होण्याचे लागोपाठ दोन प्रयत्न फसले, की ही खोली सहसा आपोआप उघडते. ती उघडली नाही, तर बोधचिन्ह दिसताच पॉवरचे बटण दाबून धरून यंत्र बंद करावे आणि असे दोन-तीनदा करावे. अपडेट अजून बसत असल्याची शंका असेल, तर मात्र हा मार्ग वापरू नये. पासवर्डच्या पडद्यापर्यंत पोचता येत असेल, तर ‘शिफ्ट’ कळ दाबून ‘रीस्टार्ट’ निवडले तरी चालते.

या खोलीत ‘ट्रबलशूट’ आणि त्यानंतर ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’ निवडल्यावर अनेक पर्याय समोर येतात. त्यांचा क्रम सौम्य उपायाकडून कठोर उपायाकडे ठेवावा.

पहिला, ‘स्टार्टअप रिपेअर’. बूट लोडर आणि सुरुवातीच्या महत्त्वाच्या फाइली तपासून तो शक्य ते आपणहून दुरुस्त करतो. वैयक्तिक फाइलींना तो हात लावत नाही.

दुसरा, ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’. येथे दोन पोटपर्याय असतात. ‘क्वालिटी अपडेट’ म्हणजे दर महिन्याला येणारी छोटी डागडुजी, तर ‘फीचर अपडेट’ म्हणजे विंडोजची नवी आवृत्ती. बिघाड महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारनंतर लगेच उद्‌भवला असेल, तर पहिल्या पोटपर्यायापासून सुरुवात करावी, कारण मायक्रोसॉफ्टची मासिक सुरक्षा अपडेट त्या दिवशी निघतात. भारतात तेव्हा बहुधा रात्र झालेली असते आणि अनेक यंत्रांत ती बुधवारी उतरतात. नवी आवृत्ती बसवून झाल्यावर जुनीकडे परतण्याची मुदत मात्र साधारणपणे १० दिवसांचीच असते. त्यानंतर जागा मोकळी करण्यासाठी जुन्या फाइली काढून टाकल्या जातात. म्हणून ‘पुढच्या महिन्यात पाहू’ म्हणणे येथे महागात पडते.

तिसरा, ‘सिस्टिम रिस्टोअर’. संगणकाने पूर्वी टिपून ठेवलेल्या एखाद्या दिवसाच्या स्थितीला तो कार्यप्रणाली, ड्रायव्हर आणि सेटिंग परत नेतो. त्या दिवसानंतर बसविलेले प्रोग्रॅम जातात. कागदपत्रे आणि छायाचित्रे राहतात. ही सोय अनेक संगणकांवर बंदच असते, त्यामुळे परत जाण्याजोगा दिवसच यादीत न सापडण्याची शक्यता असते.

चौथा, ‘स्टार्टअप सेटिंग्ज’मधून मिळणारा ‘सेफ मोड’. यात विंडोज अत्यावश्यक तेवढेच ड्रायव्हर घेऊन सुरू होते. या अवस्थेत संगणक नीट चालला, तर गाभा शाबूत असून एखादा पाहुणा ड्रायव्हर किंवा प्रोग्रॅम गोंधळ घालीत आहे, हे सिद्ध होते. नुकताच बसविलेला ग्राफिक्सचा ड्रायव्हर वा अँटिव्हायरस काढून टाकण्याची हीच जागा. त्याआधी महत्त्वाच्या फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढून घ्यावी. दार एकदा उघडले आहे, ते पुढच्या वेळी उघडेलच असे नाही.

क्राउडस्ट्राइकच्या अनुभवानंतर मायक्रोसॉफ्टने ‘क्विक मशीन रिकव्हरी’ ही व्यवस्था नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर केली आणि २०२५ मध्ये विंडोज ११ मध्ये आणली. अडलेला संगणक या दुरुस्तीच्या खोलीतूनच इंटरनेटशी जोडला जाऊन उपलब्ध उपाय शोधू शकतो. एकाच वेळी लाखो यंत्रे अडण्याच्या प्रसंगासाठी ती प्रामुख्याने आहे. एखाद्याच यंत्रातील वेगळ्या दुखण्यावर ती उपयोगी पडेलच, असे मात्र नाही.

४८ अंकांची किल्ली

या खोलीत पाऊल टाकताच अनेकांना एका अनपेक्षित प्रश्नाला तोंड द्यावे लागते. पडदा ‘बिटलॉकर रिकव्हरी की’ मागतो. ही ४८ अंकांची किल्ली आहे आणि रोजचा पासवर्ड तिच्या जागी चालत नाही.

लॅपटॉप चोरीला गेला तरी आतील माहिती चोराला वाचता येऊ नये, म्हणून डिस्कवरील सारा मजकूर सांकेतिक भाषेत ठेवला जातो. एरवी मदरबोर्डवरील सुरक्षा चिप हे कुलूप मालकाच्या नकळत उघडते. सुरुवातीच्या टप्प्यांत काही बदल झाल्याचे चिपला जाणवले, की ती कुलूप उघडण्याचे नाकारते आणि किल्ली मागते. अपडेट हाही एक बदलच असतो. जुलै २०२४ मधील मासिक अपडेटनंतर काही संगणक किल्ली मागू लागल्याचे मायक्रोसॉफ्टने मान्य केले होते. मे २०२५ मध्ये विंडोज १० च्या अपडेटनंतर विशिष्ट इंटेल प्रोसेसर असलेल्या काही यंत्रांत तोच प्रकार घडला. क्राउडस्ट्राइकच्या वेळीही अनेक कंपन्यांत खरा विलंब झाला तो फाइल पुसण्यात नव्हे, हजारो यंत्रांच्या किल्ल्या शोधण्यात.

२०२४ मध्ये आलेल्या विंडोज ११ च्या ‘२४एच२’ आवृत्तीपासून हे कुलूप पूर्वीपेक्षा अधिक नव्या यंत्रांवर आपोआप लागू लागले. त्यामुळे आपल्या संगणकाला कुलूप आहे, हेच अनेक मालकांना ठाऊक नसते. संगणक मायक्रोसॉफ्टच्या खात्याने सुरू केला असेल, तर किल्ली बहुधा त्या खात्यात जमा असते. मोबाइलवरून त्या खात्यात शिरून, पडद्यावर दिसणाऱ्या ओळख क्रमांकाशी जुळणारी किल्ली निवडावी. संगणक कचेरीचा वा महाविद्यालयाचा असेल, तर ती तेथील संगणक विभागाकडे असते. काहींनी ती छापून किंवा पेनड्राइव्हवर ठेवलेली असते. यांपैकी कोठेही ती सापडली नाही, तर कुलूप तोडण्याचा व्यवहार्य मार्ग नाही. मायक्रोसॉफ्टचा मदतनीसही ती नव्याने बनवून देऊ शकत नाही. संगणक पुन्हा वापरता येईल. पण डिस्क पुसूनच. अशा वेळी मूळ दोष चार ओळींच्या दुरुस्तीचा असला, तरी माहिती मात्र जाते.

याच घबराटीवर टपलेली एक जमात आहे. इंटरनेटवर शोधून मिळालेल्या ‘मदत क्रमांका’वर फोन करताच समोरचा माणूस दूरस्थ ताबा देणारे अ‍ॅप मोबाइलवर घ्यायला सांगतो आणि पुढे बँक खाते रिकामे होते. मायक्रोसॉफ्टच्या त्रुटी-संदेशात फोन नंबर कधीही नसतो. तसा तो दिसला, तर तो पडदाच बनावट आहे असे समजावे. फसवणूक झाल्यास विनाविलंब १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

खोलीच उघडत नसेल तर

कधी कधी दुरुस्तीची खोलीच नादुरुस्त असते. ऑक्टोबर २०२५ मधील एका मासिक अपडेटनंतर विंडोज ११ च्या या खोलीत यूएसबीवरील माउस आणि की-बोर्डच चालेनासे झाले. पर्याय समोर दिसत, पण निवडता येत नसत. मायक्रोसॉफ्टला काही दिवसांतच वेगळे तातडीचे अपडेट काढावे लागले.

अशा प्रसंगी बाहेरून आणलेली खोली कामी येते. दुसऱ्या चांगल्या संगणकावर मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून ‘मीडिया क्रिएशन टूल’ उतरवून किमान ८ जीबीच्या रिकाम्या पेनड्राइव्हवर विंडोजची प्रत तयार करता येते. पेनड्राइव्हवर आधीचे जे असेल ते यात पुसले जाते. अडलेला संगणक या पेनड्राइव्हवरून सुरू करावा आणि ‘इन्स्टॉल’वर न जाता ‘रिपेअर’चा पर्याय निवडावा. पुढे तेच परिचित पर्याय दिसतात.

दुरुस्तीपेक्षा माहिती आधी हवी असेल, तर आणखी एक मार्ग आहे. उबुंटूसारखी लिनक्स प्रणाली डिस्कवर न बसविता थेट पेनड्राइव्हवरून चालविता येते. तिच्यातून विंडोजच्या डिस्कवरील फोल्डर उघडून हव्या त्या फाइली बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेता येतात. डिस्कला कुलूप असल्यास येथेही किल्ली लागतेच. डेस्कटॉपची डिस्क काढून, डबीत बसवून दुसऱ्या संगणकाला जोडणे हाही याच मार्गाचा प्रकार असून बहुतेक दुरुस्ती करणाऱ्यांना तो येतो.

इतर प्रणालींतही तत्त्व हेच आहे. उबुंटूसारख्या लिनक्स प्रणालीत नवा गाभा बसला तरी जुना सहसा ठेवलेला असतो आणि सुरुवातीच्या यादीतून तो निवडता येतो. अ‍ॅपलच्या स्वतःच्या चिपवर चालणाऱ्या मॅकमध्ये पॉवरचे बटण दाबून धरले, की दुरुस्तीचे पर्याय येतात. डिस्क न पुसता कार्यप्रणाली पुन्हा बसविण्याची सोयही तेथे असते.

‘रिसेट’ आणि ‘फॉरमॅट’

सारे उपाय थकले, तर ‘रिसेट धिस पीसी’ हा पर्याय उरतो. त्यात दोन वाटा फुटतात. ‘कीप माय फाइल्स’ निवडल्यास विंडोज नव्याने बसते, वैयक्तिक फाइली राहतात. पण नंतर बसविलेले सारे प्रोग्रॅम जातात. हिशेबाचे सॉफ्टवेअर जात असेल, तर त्याचा परवाना क्रमांक आणि त्याच्या नोंदी डिस्कवर नेमक्या कोणत्या फोल्डरमध्ये आहेत, हे आधी पाहणे आवश्यक असते. काही प्रोग्रॅम आपल्या नोंदी स्वतःच्याच फोल्डरमध्ये ठेवतात आणि त्या प्रोग्रॅमबरोबर जाऊ शकतात. ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ या दुसऱ्या वाटेचे नावच पुरेसे बोलके आहे.

संगणक दुरुस्तीला देताना ‘काहीही करा, पण चालू करा’ असे सांगणे हा सर्वांत मोठा धोका. दुरुस्ती करणाऱ्याच्या दृष्टीने फॉरमॅट हा सर्वांत सोपा मार्ग असतो. दोष शोधण्यात वेळ जातो, डिस्क पुसून नवे विंडोज बसविण्याचे काम ठरल्या वेळेत उरकते आणि ग्राहकालाही संगणक ‘नवा’ मिळाल्याचे समाधान मिळते. म्हणून यंत्र हातात देतानाच पावतीवर लिहून घ्यावे : डिस्कवरील माहिती हवी आहे, परवानगीवाचून फॉरमॅट करू नये, आधी माहितीची प्रत काढावी. त्या प्रतीतील दोन-चार फाइली स्वतः उघडून पाहिल्यावरच पुढील कामाला होकार द्यावा. चुकून डिस्क पुसली गेलीच, तर त्यावर नवे काही लिहू नये. फिरत्या डिस्कवरून पुसलेली माहिती काही वेळा परत मिळू शकते. आधुनिक एसएसडी डिस्कवर ही आशा फारच कमी असते.

मग अपडेट घ्यावेच कशाला?

हा सारा व्याप पाहून अपडेट कायमची बंद करून टाकावीत, असा मोह होणे स्वाभाविक आहे. पण हे आजारापेक्षा औषध भयंकर ठरते. विंडोजमधील एका गंभीर फटीवरचा उपाय मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्ये दिला होता. तो न बसविलेल्या यंत्रांवर १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ हे खंडणीखोर सॉफ्टवेअर तुटून पडले आणि ब्रिटनमधील रुग्णालयांपर्यंत त्याची झळ पोचली. जून २०१७ मध्ये आलेल्या ‘नॉटपेट्या’ने इतर मार्गांच्या जोडीला हीच फट वापरली. त्या तडाख्यात मर्स्क समूहाकडून चालविल्या जाणाऱ्या, नवी मुंबईजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे कामकाज विस्कळीत झाले होते. अपडेटमुळे संगणक अडला तर तो सोडविता येतो. खंडणीखोरांनी फाइलींना कुलूप ठोकले, तर किल्ली त्यांच्याकडे असते.

मधला मार्ग साधा आहे. विंडोजच्या सेटिंगमध्ये अपडेट काही दिवसांसाठी पुढे ढकलण्याची सोय आहे. महत्त्वाचे काम अंगावर असताना आठवडाभर थांबले, तर सदोष अपडेटचा बोभाटा तोवर झालेला असतो. नवी आवृत्ती घेण्यास त्याहून अधिक थांबले तरी बिघडत नाही. सुरक्षा अपडेट मात्र महिनोन्‌महिने लांबवू नयेत. विंडोज १० साठीची नियमित मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. त्यामुळे अनेकांना विंडोज ११ कडे वळावे लागले. हे स्थित्यंतर छोटे नाही आणि माहितीची प्रत काढल्यावाचून ते करणे म्हणजे विस्तवाशी खेळ.

तहान लागल्यावर विहीर खणण्यापेक्षा आधीच करून ठेवावयाची कामे मोजकीच आहेत. संगणक सुरळीत चालू असतानाच सेटिंगमध्ये जाऊन डिस्कला कुलूप आहे का ते पाहावे आणि असल्यास किल्ली कागदावर उतरवून घराच्या कागदपत्रांत ठेवावी. लॅपटॉपच्या पिशवीत नव्हे. दुरुस्तीचा पेनड्राइव्ह बनवून त्यावर नाव लिहून ठेवावे. सिस्टिम रिस्टोअर सुरू करावे. सर्वांत महत्त्वाचे, माहितीच्या तीन प्रती असाव्यात : एक संगणकात, दुसरी बाहेरच्या डिस्कवर आणि तिसरी घराबाहेर, म्हणजे क्लाऊडवर किंवा विश्वासू नातेवाइकाकडे. बाहेरची डिस्क काम झाल्यावर काढून ठेवावी. कायम जोडलेली प्रत संगणकाबरोबरच बाधित होऊ शकते.

ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १० ची एक नवी आवृत्ती काही वापरकर्त्यांची कागदपत्रेच पुसून टाकीत असल्याचे उघड झाल्यावर मायक्रोसॉफ्टला तिचे वितरण अवघ्या काही दिवसांत थांबवावे लागले होते. त्या वेळी संगणक व्यवस्थित सुरू होत होते, फाइली तेवढ्या नव्हत्या. ज्यांच्याकडे दुसरी प्रत होती, त्यांचे थोडे कष्टच वाया गेले. चालू संगणक पैसे देऊन बाजारात पुन्हा मिळतो. त्यातील छायाचित्रे आणि हिशेब कोणत्याही दुकानात मिळत नाहीत. म्हणून बाहेरच्या डिस्कवर शेवटची प्रत कोणत्या तारखेला काढली, हे पुढचे अपडेट स्वीकारण्याआधी तपासून घ्यावे.